आवाज मोठा करायचा होता

“ताई, तुम्ही ऐका. ऐकण्यातसुद्धा फार आनंद असतो.”

हे मला रेडिओवर सांगण्यात आलं, तेही सगळ्यांसमक्ष. रोज सकाळी आमच्या हौशी रेडिओवाल्यांची एक बैठक भरते, रेडिओवरच, सात मेगाहर्ट्झच्या आसपास. नागपूर, कोल्हापूर, इंदूर, हैदराबाद, जो तो आपापल्या घरातून बोलतो. त्या दिवशी मी चारदा हाक दिली आणि चारही वेळा माझ्यावरून दुसरं कुणीतरी बोलून गेलं. शेवटी बैठक चालवणाऱ्या ज्येष्ठांना माझा आवाज पुसट ऐकू आला. माझं यंत्र जेमतेम दहा वॅटचं, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, “सर, मी पॉवर वाढवायचा विचार करतेय, ॲम्प्लिफायर बांधते.” त्यावर ते मायेनं हसले आणि वरचं वाक्य बोलले. पुढे असंही म्हणाले की ॲम्प्लिफायरमध्ये हजारो व्होल्ट असतात, डोळस माणसाचाही हात चुकतो.

मला दिसत नाही. लहानपणी गोवर आला, त्यात डोळे गेले. जालन्यात एका कचेरीत मी टेलिफोन ऑपरेटर आहे. आंधळ्या माणसाला लोक दोनच कामं देतात, ऐकायचं आणि गायचं. मला गाता येत नाही. ऐकायचं काम मी तीस वर्षं केलं, पोटासाठी केलं, आणि त्यात काय आनंद असतो ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हौशी रेडिओचा नाद कचेरीतूनच लागला. परीक्षा द्यायची, सरकारचा परवाना घ्यायचा, घरी यंत्र लावायचं, तार ताणायची आणि दूरवरच्या तशाच वेड्यांशी बोलायचं. मोबाईल असताना हे कशाला, असं मला लोक विचारतात. मोबाईलचा टॉवर कंपनीचा असतो. इथं टॉवर माझा असतो. परीक्षेत मोर्सचा भाग होता, कड-कट्ट ऐकून अक्षरं ओळखायची. सोबतची कॉलेजची मुलं त्यात गटांगळ्या खात होती. मी वरच्या दर्जाचा परवाना काढला, चारशे वॅटपर्यंतचा. म्हणजे सरकारनं मला चारशे वॅट बोलायची परवानगी दिली होती, आणि एक गृहस्थ मला दहावर थांबायला सांगत होते.

मी राहते धाकट्या भावाकडे, अंबड रोडला. खरं म्हणजे घर दोघांचं आहे, पण लोक तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, भाऊ चांगला आहे, सांभाळतो. त्या दिवशी संध्याकाळी मी जेवताना विषय काढला.

“अक्का, काय काढून राह्यलीस तू हे?” भाऊ म्हणाला. “उद्या काही झालं तर लोक मला बोलतील.”

“काय बोलतील?”

“की बघा, लक्ष दिलं न्हाई बहिणीकडं.”

“मंग तू लक्ष दे. मी बांधते.”

तो ताटावरून उठला नाही, पण पुढचा घास त्यानं बराच वेळ हातात धरला असावा, कारण चावल्याचा आवाज आला नाही.

माझ्या बाजूनं उभी राहिली ती भावजय. तिला विजेची भीती. मिक्सरचं बटण ती आजही लाकडी उलथण्यानं दाबते. पण मला आकृती वाचून दाखवायला माणूस हवं होतं. मजकूर माझा फोन स्वतः बोलून दाखवतो, सर्किटची आकृती मात्र त्याला वाचता येत नाही. तिथं डोळे लागतात. भावजय मराठी घेऊन बी.ए. झालेली. दुपारी भांडी आवरली की ती माझ्याजवळ येऊन बसायची आणि आकृतीचं वर्णन करायची.

“अक्का, इथं दोन बाया पाठीला पाठ लावून बसल्यावानी काहीतरी हाय.”

“ते दोन ट्रान्झिस्टर.”

“त्यांच्या पुढं कुरडया हायत. एक मोठी, एक बारकी, मधी दोन उभ्या रेघा.”

“तो ट्रान्सफॉर्मर. रेघा म्हणजे मधला गाभा. कुरडईला वेढे किती दाखवलेत?”

अशी आम्ही ती आकृती उतरवली. मी तिच्या बोलण्यावरून लाकडी पाटावर खिळे ठोकून दोऱ्यानं सगळं सर्किट ताणून ठेवलं, म्हणजे मला बोटांनी हवं तेव्हा वाचता यावं. एके दिवशी ती म्हणाली, “म्हंजी हा डबा तुमचा आवाज घेतो आन फुगवतो, असंच ना?”

“बिलकुल न्हाई,” मी म्हटलं. “आवाज कुणाला फुगवता येत न्हाई. तू कालव्याचं दार पाहिलंस ना, आपल्या घनसावंगीकडचं? चाक फिरवलं की दार वर उठतं, पाणी सुटतं. हात माणसाचा, पाणी धरणाचं. माझा बारका सिग्नल हा नुसता हात हाय. पाणी त्या पॉवर सप्लायमधून येतं. हात जसा हलेल तसंच पाणी हललं पाहिजे, कमी न्हाई, जास्त न्हाई. तसं बराबर हललं तर मोठा झालेला आवाज माझाच राहतो. दार अडकत अडकत उघडलं तर आवाज फाटतो.”

“आन दोन कशाला? एका दारानं भागत न्हाई?”

“लाकूड कापायची मोठी करवत दोघं ओढतात का न्हाई? एक ओढतो तवा दुसरा सैल सोडतो. लाटेचा वरचा अर्धा एक ट्रान्झिस्टर ओढतो, खालचा अर्धा दुसरा. दोघांचं मिळून पुढच्या कुरडईत पूर्ण होतं.”

त्यावर ती म्हणाली, “आमच्या दोघांत एकच ओढतं.” आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की भाऊ आतून विचारायला आला.

ज्येष्ठांचा हजारो व्होल्टांचा मुद्दा खोटा नव्हता, पण तो जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना लागू होता. माझं यंत्र ट्रान्झिस्टरचं, अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालणारं. मोबाईलच्या टॉवरवरची यंत्रंही तेवढ्यावरच चालतात. जालन्यात पोलादाच्या भट्ट्यांसाठी कुठून कुठून भंगार येतं, त्यात टॉवरचे उतरवलेले पॉवर सप्लाय असतात. मी भंगाराच्या दुकानात स्वतः गेले, भावजयीचा दंड धरून. दुकानदार तिच्याशीच बोलत होता, “इनको क्या चाहिए?” मी म्हटलं, “इनको पूछो ना, इनको जबान है.” त्यानं मला सप्लाय दिला आणि ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळाही शोधून दिला. तो ठोकळा महत्त्वाचा. यंत्रात जेवढी वीज जाते, तिच्यातली जवळजवळ निम्मी उष्णता होऊन बाहेर पडते. ती वाहून नेली नाही तर ट्रान्झिस्टर जातो.

सोल्डरिंग मी आधीपासून करत होते. जोडायच्या ठिकाणी शिशाची तार आधीच गुंडाळून ठेवायची, मग आयर्नची दांडी खुणेच्या खिळ्याला टेकवत पुढं न्यायची. तार वितळली की आवाज बदलतो, वास बदलतो. बोटं भाजतात. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईची भाजतात, त्याबद्दल कुणी मीटिंग घेत नाही. ट्रान्झिस्टरखालची पांढरी पेस्ट मी बोटाच्या पेरानं इतकी सारखी पसरली की दृष्टी असलेल्याला ती तशी पसरता आली असती का, मला शंका आहे. शेवटी फिल्टर बांधला. ॲम्प्लिफायर मोठा आवाज काढताना दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीचा कचराही काढतो. तो दुसऱ्यांच्या पट्ट्यात जाऊ नये म्हणून ही चाळणी लावावी लागते. मेदूवड्यासारख्या दिसतात, असं भावजय म्हणाली, त्या लोखंडी भुकटीच्या कड्यांवर तांब्याची तार गुंडाळायची. वेढे मी नखानं मोजले.

पहिली चाचणी खोट्या एरियलवर घेतली. तेलाच्या डब्यात एक मोठा रेझिस्टर बुडवून ठेवला होता, सगळी शक्ती तिथंच जिरावी, बाहेर काही जाऊ नये म्हणून. मी माइकमध्ये “आ” केलं आणि डब्यावर हात ठेवला. डबा कोमट झाला. पुन्हा केलं, आणखी कोमट झाला. त्याआधी माझ्या आवाजानं एखादी वस्तू तापली होती असं मला आठवत नाही.

मग गच्चीवर जुन्या तारेच्या जागी नवी तार चढवली. दोन बाजूंना दोन लांब तांब्याच्या तारा, मध्ये जोड, तिथून खाली जाड केबल. मधला बांबू भावानंच उभा केला, कुरकुरत. तारेची लांबी फ्रिक्वेन्सीला जुळवून कापावी लागते, नाहीतर पाठवलेली शक्ती तारेवरून परत फिरते आणि ॲम्प्लिफायरच्या छातीवर येऊन बसते. डोळस लोक हे मीटरच्या काट्यावर बघतात. मी बझर लावला होता. शक्ती परत यायला लागली की सूर उंच जायचा. भावजय गच्चीवरून तार थोडी दुमडायची, मी खाली ऐकायचे आणि ओरडायचे, “अजून!” सूर उतरत उतरत बंद पडला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

पहिल्याच दिवशी माइकनं माझा ओठ चावला.

हे अक्षरशः खरं आहे. मी पूर्ण पॉवरवर बोलायला लागले, ओठ माइकच्या जाळीला टेकले आणि सुई टोचल्यासारखी आग झाली. रेडिओच्या शक्तीचा चटका वेगळाच असतो, झटका बसत नाही, कातडी आतून भाजते. ओठावर फोड आला. भावानं तो बघितला आणि त्याला पाहिजे ते मिळालं.

“झालं का समाधान? आता हे बंद. बिलकुल बंद. आज ओठ हाय, उद्या अजून काही.”

“परवा तुझा हात सायलेन्सरला भाजला, मोटरसायकल विकली का तू?”

“ते वेगळं हाय.”

“काय वेगळं हाय ते सांग.”

त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान शब्द समोर आले असते. मी पाणी पिऊन विचार करत बसले. तारेवर जायची शक्ती केबलच्या बाहेरच्या सालीवरून घरात परत येत होती, आणि तिला जमिनीत जायला धड वाट नव्हती. मग अंगणात खड्डा घेतला, बोअरच्या मोटारीला करतात तसं मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं, तांब्याची जाड पट्टी थेट यंत्रापर्यंत आणली. वर जोडाजवळ केबलचे काही वेढे फेराइटच्या, म्हणजे काळ्या चुंबकी मातीच्या, मोठ्या कड्यातून काढले, म्हणजे सालीवरून उतरणाऱ्या शक्तीला तिथंच अडवता यावं. मग मी फोड आलेला ओठच मुद्दाम माइकला टेकवला आणि बोलले. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत हाक दिली. एकदाच दिली. लगेच ज्येष्ठांचा आवाज, “हे स्टेशन कोणतं? फार जोरात येतंय.” मी माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची माझी ओळख, पुन्हा सांगितला. ते भरभरून बोलायला लागले. “मित्रांनो, ऐका, ह्या आपल्या जालन्याच्या ताई, दिसत नसूनसुद्धा...”

“सर,” मी मध्येच बटण दाबलं. आता मला मध्ये बोलता येत होतं. “रिपोर्ट द्या. कौतुक नंतर.”

मग त्यांनी रिपोर्ट दिला, आवाज किती जोरात, किती स्पष्ट, पूर्ण, नीट, इतर स्टेशनांना देतात तसा. इंदूरचा एकजण हसत होता, ते मला ऐकू आलं.

आमच्या घरामागं चार घरं सोडून मारुतीचं मंदिर आहे. श्रावण लागला तशी तिथं सकाळची पोथी सुरू झाली, भोंग्यावर. माझी बैठकही त्याच वेळची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दारात पाचसहा माणसांच्या चपला वाजल्या. पुढं मंदिर समितीचे अध्यक्ष होते, निवृत्त गुरुजी. त्यांनी भावाला हाक मारली.

“आमच्या भोंग्यातून कोन बोलून राह्यलंय? पोथी चालू असताना मधीच बदक बोलल्यासारखं क्वाक क्वाक येतं. वाचणारे म्हाराज दोनदा उठून गेले. बाया म्हनतात, काहीतरी बाहेरचं हाय.”

एकजण म्हणाला, “बाहेरचं न्हाई, ह्या घरातलं हाय. वर तार बघा.”

भाऊ म्हणाला, “मी आजच उतरवतो तार.”

मी आतून बाहेर आले. “तार उतरणार न्हाई.”

“अक्का, तू आत बस.”

“मी बोलतेय ना. गुरुजी, ते बदक मी हाय. माझं बोलणं तुमच्या यंत्रात घुसून राह्यलंय. पण माझं यंत्र सरकारच्या परवान्यानं चालतं, माझ्या पट्ट्यातच चालतं. तुमच्या माइकची वायर किती लांब हाय?”

“माइकची वायर?” गुरुजी गोंधळले. “गाभाऱ्यापासून ऑफिसपर्यंत. आन भोंग्याची वर कळसापर्यंत.”

“म्हंजी तुम्हीपण एरियल लावलाय. फक्त तुम्हाला माहीत न्हाई.”

कुणीतरी म्हणालं, “बाईमाणसानं, तेही असं... देवाच्या कामात आडवं यावं का?” “तेही असं” नंतरचा शब्द त्यानं गिळला.

“आंधळ्या बाईनं म्हणा,” मी म्हटलं. “मला माहीत हाय ते. आडवी येत न्हाई, दुरुस्त करून देते. पण तार उतरणार न्हाई. दोन्ही चालेल, पोथी पण आन मी पण. पटत नसंल तर तक्रार करा, अधिकारी येऊन तपासतील, मला चालतंय.”

गुरुजी विचार करत होते, ते त्यांच्या नाकातून येणाऱ्या श्वासावरून कळत होतं. शेवटी म्हणाले, “चला, बघा तुम्ही.” मग स्वतःच चाचरले, “म्हंजी, तपासा.”

“बघतेच,” मी म्हटलं.

मी मंदिराच्या ऑफिसात जमिनीवर बसले, भावजय शेजारी. भोंग्याचा ॲम्प्लिफायर उघडायला लावला, तोही शेवटी माझ्या यंत्राचा चुलतभाऊच, फक्त कानाला ऐकू येणारा आवाज वाढवणारा. माइकच्या वायरचं जाळीचं आवरण एका टोकाला तुटून लोंबत होतं, म्हणून घुसायला दार उघडं मिळालं होतं. ते पुन्हा जोडलं. माइक जिथं आत जातो तिथं एक बारका कपॅसिटर लावला, माझ्या फ्रिक्वेन्सीला तिथूनच जमिनीची वाट मिळावी म्हणून. माइकच्या आणि भोंग्याच्या वायरी फेराइटच्या कड्यांतून फिरवल्या. भोंग्याच्या दोन्ही तारा सुट्या लोंबत होत्या, त्या एकमेकींभोवती पिळल्या.

मग मी घरी गेले. भाऊ मंदिरात थांबला, फोन कानाला लावून. मी पूर्ण पॉवरवर बोलले. “येतं का?”

“न्हाई.”

“पोथी चालूये?”

“चालूये.”

“बदक?”

“न्हाई ना, सांगतोय की.” मग तो म्हणाला, “अजून एकदा बोल. जोरात बोल.” मी बोलले. मागं पोथीचा सूर अखंड चालू होता. माझ्या भावानं मला जोरात बोलायला सांगितलं ते तेव्हाच.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. समितीतल्या एकानं नगरपालिकेत अर्ज करतो म्हणून सांगितलं, अजून तरी केल्याचं ऐकलं नाही. एमआयडीसीतल्या भट्ट्या चालू असल्या की माझ्या रिसीव्हरमध्ये एवढा गोंगाट होतो की समोरचा काय म्हणतो ते कळत नाही. ॲम्प्लिफायरचा त्याला काही उपयोग नाही. त्यानं तोंड मोठं होतं, कान नाही. तरी मी बसते.

भाद्रपदात एक मोठी सर झाली आणि दुसऱ्या दिवशी बोलता बोलता बझर किंचाळला. मी बटण सोडायच्या आत आतून टक् असा आवाज आला, मग जळका वास. गच्चीवरच्या जोडात पाणी शिरलं होतं. शक्ती परत फिरली आणि एक ट्रान्झिस्टर गेला. वासानं भाऊ दारात आला. मला वाटलं, आता म्हणेल. तो पंखा लावून गेला.

भावजय म्हणाली, “मंग आता?”

“आता दुसरा.” जास्तीचे दोन मी आधीच आणून ठेवले होते.

जळालेला काढायला दुपार गेली. पेस्ट पुसली, नवीन लावली, पाय बसवले. खोट्या एरियलवर डबा पुन्हा तापला. तोवर भावजय रबराची चिकटपट्टी आणि पक्कड घेऊन एकटीच गच्चीवर गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी खालून विचारलं, पट्टी खालून वर गुंडाळते आहेस ना, म्हणजे पाणी उतरून जाईल. पक्कड वाजत होती, शेजारच्या घरात कुणीतरी टीव्ही लावला होता, भट्ट्यांकडून नेहमीची हलकी घरघर येत होती.

मग वरून तिचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

“झालं, अक्का! बोला आता!”